कोयत्यानं वाचवलेली पोर

विनोदिनीचा उजवा हात तिच्या बापानं तोडला, आणि तिचा जन्मभर बापावर राग म्हणून कधी नव्हता. हे ऐकून नवखा माणूस दचकतो. पण आष्ट्याच्या शिवारात सत्तर सालच्या जानेवारीत, एका रविवारी नानासोच्या गुऱ्हाळावर काय झालं ते ज्याला ठाऊक आहे, तो नुसती मान हलवतो.

तिचा बाप शमुवेल हा त्या गुऱ्हाळाचा गुळव्या. काहिलीत रस उकळायला लागला की गूळ कधी उतरवायचा हे नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून सांगायचा, एवढा तयार. ख्रिस्ती माणूस, देवळात बाजाची पेटी वाजवायचा, दारूला शिवायचा नाही. खोड एकच. कुणी 'चालंल का?' म्हटलं की 'न्हाई' हा शब्द त्याच्या तोंडातून यायचा नाही. असाच त्या रविवारी देवळाऐवजी काहिलीपुढं उभा राहिला. नानासो म्हणाला होता, "रस नासतोय गड्या, तुझा देव एक आयतवार दम काढंल." आणि शमुवेल म्हणाला होता, "चालंल."

दुपारी नानासो परत आला. "शमुवेल, चरकात ऊस घालणारा गडी पिऊन पडलाय. चुलवणामागं जे कोण रिकामं बसलंय, त्याला लावतो चरकाला. चालंल न्हवं?"

शमुवेलचं सगळं ध्यान फेसात. काहिलीखालच्या चुलवणामागं रोज चिपाडं वाळवणारा म्हातारा बसायचा. "चालंल की," तो बोलून गेला.

त्या दिवशी तिथं म्हातारा नव्हता. देवळातून परस्पर बापाची भाकरी घेऊन आलेली विनोदिनी बसली होती. सतरा सरून अठरावं लागलेलं, सातवी पास, आवाज बापासारखा गोड. मालकानं सांगितलं म्हणून ती उठली आणि चरकाला ऊस घालायला लागली. दहा-वीस ऊस बिनतक्रार गेले. मग एका उसाचं ओलं पाचट तिच्या मनगटाला वेटोळं घालून बसलं आणि ऊस आत निघाला, तसा हातही निघाला.

चरकाला ऊस काय आणि हात काय! बोटं गेली, पंजा गेला. इंजिन ठॉकठॉक करत होतं, इंजिनवाला लांब बांधावर बिडी ओढत होता, आणि चरकाचे लोखंडी रूळ तिला मनगटाकडून कोपराकडं ओढायला लागले. विनोदिनीला पुढं आयुष्यभर दुखणं आठवलं नाही. आठवला तो बापाचा चेहरा. शमुवेल झारा टाकून धावत आला, ऊस सोलणाऱ्या बाईच्या हातातला कोयता त्यानं हिसकला आणि म्हणाला, "डोळं मीट गं बाई."

एकच घाव. चरक पंजा घेऊन गेला, पोर बापाच्या अंगावर पडली.

पोरीच्या दंडाला पटका आवळून त्यानं तिला उसाच्या ट्रकात घातलं आणि तोच कोयता घेऊन मागं फिरला. इंजिनचा पट्टा तोडला. चार गडी कंबरेला लोंबकळत असताना उकळती काहील चुलवणावरून ढकलली. नानासोची दोन्ही पावलं अशी भाजली की पुढची दोन वर्षं तो बैलगाडीतून परसाकडं जायचा. ते बघायला मात्र शमुवेल थांबला नाही. धावत जाऊन ट्रकात चढला आणि मिरजेला दवाखाना येईपर्यंत पोरीचा दंड दाबून बसला.

पोर जगली. बाप मात्र जेवायचा थांबला. तिच्या पुढ्यात भाकरी मोडायला घेतली की त्याचा हात लटलट कापायचा. शेवटी विनोदिनीच म्हणाली, "बाबा, मी हितं ऱ्हायले तर तुमी उपाशी मरशीला." वाईच्या पाद्रीणबाई मिरजेला आल्या होत्या, त्यांच्याबरोबर ती वाईला गेली. डाव्या हातानं आणि दातांनी पट्ट्या बांधायला शिकली. मोडलेल्या हाडाला कामट्या लावायला शिकली. आणि औषधांची पिशवी घेऊन कृष्णाकाठची गावं पायी हिंडायला लागली.

आता पसरणीच्या घाटाखाली, नदीला लागून कृष्णातचा मळा होता. कृष्णात फौजेत नाईक, दोन महिने रजेवर आलेला. पासष्टच्या लढाईत त्याच्या शेजारचा सोबती तोफेच्या गोळ्यानं जागच्या जागी फुटला होता. तेव्हापासून हा माणूस हसायचा बंद झालेला. मळ्यात पेरूची वीस झाडं. एका बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, बघतो तर खालच्या फांदीवरचे पेरू झाडावरच अर्धे खाल्लेले. पुढच्या बेस्तरवारी पुन्हा तेच.

"वटवाघूळ म्हणावं तर दिवसा येतंय," तो आईला म्हणाला. "पोपट म्हणावं तर चोच न्हाई, दात हाईत."

तिसऱ्या बेस्तरवारी गोफण घेऊन तो बांधाआड दबा धरून बसला. बघतो तर एक पोरगी चवड्यावर उभी राहून, मान वर करून, फांदीवरचाच पेरू दातांनी खातेय.

"ए बये! हात न्हाईत व्हय तुला?"

ती वळली. पदराखालून थोटा हात दिसला. "एक हाय. त्यात औषधं हाईत."

कृष्णातच्या हातातली गोफण गळाली. पण फौजी माणूस, माघार कशी घेणार? "मग पिशवी खाली ठेवून, तोडून खायाचं!"

"तोडला तर चोरी. आमच्या शास्त्रात सांगितलंय, दुसऱ्याच्या मळ्यात गेलास तर पोटापुरतं खा, पाटीत भरून नेऊ नको. मी तर झाडावरनं उतरवलासुदिक न्हाई."

"आन् हे अर्धं अर्धं टाकलंय ते?"

"ते पाखरांचं."

"असं. आन् मळेवाल्यासाठी काय लिवलंय तुझ्या शास्त्रात?"

"त्यानं कडेचं पीक कापू नये. वाटसरासाठी ठेवावं."

कृष्णात हसला. असा हसला की विहिरीवर धुणं धुणारी त्याची आई बनुबाई धुणं टाकून पळत आली. तिला वाटलं, पोराला साप चावला.

त्या दिवसापासून मळ्यात हुकूम सुटला, खालच्या फांद्यांना कुणी हात लावायचा नाही. रजा संपताना तो पुण्याला गेला. लष्करात हातपाय तुटलेल्या जवानांसाठी जिथं लाकडाचे-लोखंडाचे अवयव करतात, तिथं साहेबांच्या हातापाया पडून त्यानं कातडी पट्ट्यांचा एक लोखंडी आकडा करून आणला. कहाणीतला राजा असता तर चांदीचा हात केला असता. हा नाईक होता, त्याला लोखंडाचा मिळाला. तो तिच्या थोट्या हाताला बांधताना म्हणाला, "आता तोडून खा. चोरी न्हाई. मळा तुझाच समज."

पुढच्या रजेत लग्नाचं निघालं. पाद्रीसाहेबांपुढं तो सरळ उभा राहिला. "सायेब, मी खंडोबाला सोडत न्हाई, आन् हिला तिचा देव सोडाय लावत न्हाई. आता तुमीच वाट दावा." पाद्रीसाहेबांनी बराच वेळ दाढी खाजवली आणि म्हणाले, "आधी साताऱ्याला जाऊन सरकारी नोंद करा. मग घरी या, मी दोघांच्या डोक्यावर हात ठेवीन."

नोंद झाली आणि कचेरीच्या बाहेरच मारामारी झाली. कृष्णातचा थोरला भाऊ दादासो, चार भावबंद आणि पाच काठ्या घेऊन रस्त्यात उभा. दादासोची बायको पहिल्या बाळंतपणात मूल पोटात असतानाच गेली होती. पुन्हा लग्न केलं नाही, पण कृष्णातसाठी कोरेगावच्या एका घरी त्यानं शब्द देऊन ठेवला होता. शब्द मोडला म्हणजे त्याच्या लेखी नाकच कापलं.

"बाटगी आणतोस घरात? तीबी थोटी?" म्हणून पहिली काठी त्यानंच घातली.

कृष्णातनं ती धरली आणि मग काठ्या कुणाच्या आणि डोकी कुणाची हे कळेना. एकाचे दोन दात गेले, एकाची बरगडी. मांडवात वाजवायची म्हणून शमुवेल आष्ट्याहून डोक्यावर पेटी घेऊन आला होता. त्यानं ती एका भावबंदाच्या पाठीत घातली. पेटीनं एक लांब सूर काढला आणि तिचे दोन तुकडे झाले. घामाघूम शमुवेल मग लेकीशेजारी कचेरीच्या पायरीवर बसला, तिच्या फडक्यातली भाकरी घेतली आणि मोडून खाल्ली. हात कापला नाही.

सासरी बनुबाईनं सुनेचा थोटा हात उलटासुलटा करून बघितला. "भाकरी थापाय येणार न्हाई तुला. बरं, मी थापीन, तू भाज." एवढाच काय तो गृहप्रवेश.

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात कृष्णातला तारेनं बोलावणं आलं. पूर्वेला लढाई पेटणार हे लहान पोरांनाही कळत होतं. विनोदिनीला सातवा महिना. निघताना तो उंबऱ्यावर थांबला.

"काय बी झालं तरी मी येईस्तवर हा उंबरा सोडू नकोस. तू एकदा भाईर पडलीस की दादा परत आत घेणार न्हाई."

"आन् तुमी न्हाईच आलात तर?"

"तर उंबरा तुझा. पोटात हाय त्याचा."

तो गेला आणि दादासोनं सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात तिचा लोखंडी आकडा विहिरीत टाकला. मग तिनं भरून आणलेली कळशी रोज लाथेनं पाडायचा. ती कोपराच्या बेचक्यात कळशी धरून पुन्हा भरायची. दिवसाला सात-आठ खेपा. एके दिवशी त्यानं तिच्या खुडूक कोंबडीची मान पिरगाळली आणि फडफडणारं धड तिच्या पुढ्यात फेकलं. विनोदिनीनं एका हातानं पिसं उपटली, झणझणीत रस्सा केला आणि सासूच्या हाती पहिलं ताट त्यालाच पाठवलं. दादासो ते जेवला. शिव्या देत जेवला, पण हाडंसुद्धा चोखली.

डिसेंबरात लढाई झाली. देवळातल्या रेडिओवर विजयाची बातमी आली त्याच आठवड्यात विनोदिनीला मुलगी झाली. बाळंतपण बनुबाईनंच केलं. नाव ठेवलं कृपा. बनुबाईच्या जिभेवर ते बसेना, ती किरपी म्हणायची. कृष्णातची खबर मात्र नाही. दुसऱ्या गावचा एक जवान गेल्याची तार आली, त्या दिवशी विनोदिनी पोरीला पोटाशी धरून दिवसभर मुकी प्रार्थना करत बसली.

आणि जानेवारीत एके सकाळी पत्र आलं.

त्या घरात पत्राची रीत ठरलेली. मुलगा पत्र लिहिणार ते थोरल्या भावाच्या नावानं. भाऊ सोप्यात बसून मोठ्यानं वाचणार. आई खाली बसून ऐकणार आणि सून दाराआडून. थोरल्या दिरापुढं धाकटी सून उघड्या तोंडानं यायची नाही, मग ती सातवी पास असो की बालिष्टर. कृष्णातनंच तिला सांगितलं होतं, "घरची रीत पाळ, म्हंजे आई तुझ्या बाजूनं ऱ्हाईल."

दादासोनं पाकीट फोडलं. डोळ्यांनी एकदा सगळं वाचलं, मग खाकरला.

"तीर्थरूप दादा व आई यांस कृष्णातचा शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. पत्रास कारण की, विनोदिनीला लेकरासकट आष्ट्यास तिच्या बापाकडं धाडून द्यावं. विनोदिनी मला नको. दादांनी ठरवलेली कोरेगावची सोयरीक मला मान्य आहे."

दाराआड विनोदिनी ऐकत होती. तो जिवंत आहे, हे कानात शिरलं आणि पाठोपाठ बाकीचं. उंबरा धरून ठेव म्हणणाराच आता सोड म्हणतोय. मग कुणासाठी धरायचा? पोर मांडीवर होती. तिनं तिचं दुपटं ओढलं आणि गाठ मारायला दात लावले.

बाहेर बनुबाईच्या हातातलं सूप थांबलं. "परत वाच."

दादासोनं परत वाचलं.

"नाव लिवलंय?"

"कुणाचं?"

"सुनंचं."

"व्हय की. हे काय, विनोदिनी. दोनदा लिवलंय."

बनुबाईनं सूप खाली ठेवलं. "तुजा बा मला चोवीस वर्सं 'आगं ए' म्हणत मेला, पर माझं नाव न्हाई घेतलं त्यानं. तुज्या लग्नात उखाणा घेताना तू चुलीमागं जाऊन बसलावतास. आन् माजा किस्ना थोरल्या भावाच्या पत्रात बायकूचं नाव घालतोय? एकदा न्हाई, दोनदा?"

"फौजेत मानसं बदलत्यात, आये."

"दाव कागुद."

"तुला वाचता येतंय व्हय?"

"मला न्हाई येत. तिला येतंय. पोरी, भाईर ये!"

विनोदिनी बाहेर आली. पोर सासूच्या मांडीवर ठेवली आणि थोरल्या दिरापुढं पहिल्यांदा उघड्या तोंडानं उभी राहिली. हात पुढं केला. दादासोनं कागद बंडीच्या खिशात कोंबला, उठला आणि तिचे केस धरून तिला दाराकडं फरफटत न्यायला लागला.

"चल भाईर! चल बाटगे!"

तिनं त्याच्या मांडीत दात रोवले. तो ओरडला, पण केस सोडले नाहीत. गुडघ्यानं तिच्या तोंडावर मारलं, ओठ फुटला, लुगड्यावर रक्ताची धार लागली. उंबऱ्यापाशी आल्यावर विनोदिनीनं थोट्या हाताचा कोपर दाराच्या चौकटीभोवती अडकवला. तीन महिने कळशा उचललेला कोपर तो! दादासोनं ओढलं, लाथ घातली, पुन्हा ओढलं. चौकट करकरली, पण कोपर सुटेना.

"असं व्हय? मग ह्यो उरलेला बी तोडतो!" भिंतीला ऊसतोडीचा कोयता लटकत होता. त्यानं तो ओढून काढला.

विनोदिनीनं या खेपेला डोळे मिटले नाहीत. आयुष्यात दुसऱ्यांदा त्याच हातावर कोयता उगारला होता. पहिला उगारणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, याचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, "तोडा. मी तरी जात न्हाई."

कोयता खाली आलाच नाही. बनुबाईनं पोर सुपात ठेवली होती आणि कोपऱ्यातलं मुसळ उचललं होतं. पासष्ट वर्षांच्या त्या बाईनं भात कांडावा तसा एकच घाव पोटच्या पोराच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या वाड्यात ऐकू गेला म्हणतात. कोयता दादासोच्याच पायावर पडला, अंगठा अर्धा लोंबला. तो उंबऱ्यावर आडवा झाला आणि लहान पोरासारखा बोंबलायला लागला.

सुपात किरपीही रडत होती. बनुबाई मुसळ धरून तशीच उभी. 

विनोदिनीनं तोंडातलं रक्त थुंकलं. मग ती दिराजवळ बसली. "हात हलवू नका. हाड मोडलंय."

"शिवू नगंस मला!"

"शिव्या द्या, पर हात हलवू नका."

तिनं पोर सासूकडं दिली आणि सुपाच्या दोन कामट्या उपटून त्या मोडक्या हाताला लावल्या आणि पोरीच्या दुपट्याच्या पट्ट्या दातांनी फाडून बांधल्या. ज्या दुपट्यात पोरगी घेऊन ती निघणार होती, तेच. प्रत्येक गाठीला दादासो तिच्या सात पिढ्या काढत होता आणि ती प्रत्येक गाठ आणखी आवळत होती. त्यात सगळी दयाच होती असं कुणी म्हणणार नाही. अंगठाही बांधला. मग त्याच्या बंडीच्या खिशातून कागद काढला आणि सासूजवळ बसून वाचला.

खऱ्या पत्रात होतं एवढंच: मांडीला लोखंडाचा तुकडा लागला, इस्पितळात आहे, भिण्याचं कारण नाही. घरची मंडळी व लहान कसं आहे ते कळवावं. मंडळींना सांगावं की पेरूच्या खालच्या फांद्या सांभाळाव्यात.

"मंडळी म्हंजे तूच," बनुबाई म्हणाली. "कळलं न्हवं?"

विनोदिनीला कळलं होतं. ती हसत होती आणि फुटक्या ओठातून रक्त येत होतं.

मार्चात कृष्णात काठी टेकत आला. उंबऱ्यावर मंडळी, मंडळींच्या कडेवर लेक, आणि सोप्यात गळ्यात हात बांधलेला दादासो. काय घडलं ते आईनं सांगितलं आणि तो काठी टाकून भावावर तुटून पडला. एकाचा एकच पाय धड, दुसऱ्याचा एकच हात. तीन हातांची आणि तीन पायांची ती कुस्ती शेणकुटाच्या ढिगापासून गोठ्यापर्यंत चालली. बनुबाई तंबाखू मळत बघत होती. सोडवायला कुणी गेलं की म्हणायची, "निघू द्या मळ." शेवटी दोघेही गव्हाणीत पडले. कृष्णातनं भावाचा गळा धरला आणि तो आवळायला लागला, तेव्हा मात्र विनोदिनी पुढं झाली.

"सोडा. मी कामट्या बांधून सांधलाय त्याला. माझं काम मोडू नका."

त्यानं गळा सोडला. दादासो गव्हाणीतच बसून राहिला. अंगावरचं गवत झाडत म्हणाला, "कोरेगावला मी आता कुठल्या तोंडानं जाऊ?"  चूल वेगळी झाली नाही, एवढंच. दादासोचा हात थोडा वाकडाच जुळला. विनोदिनीला त्यानं कधी नावानं हाक मारली नाही, नात्यानंही नाही. पण कळशीला लाथ मारणं थांबलं.

कृष्णात बरा होऊन पलटणीत परत गेला. दीड महिन्यानं पोस्टमन सायकलवरून आला तो वेशीपासून हसतच. दारात उभा राहून त्यानं पाकिटावरचं मोठ्यानं वाचलं, "सौभाग्यवती विनोदिनी कृष्णात..." गल्लीतल्या बायका दारात आल्या. नवऱ्यानं बायकोच्या नावानं, टपालातून, सगळ्या मुलखाला दिसेल असं पत्र लिहिलं! आठ दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. विहिरीवरच्या बाया तिला मुद्दाम नावानं हाका मारायच्या.

विनोदिनी सोप्यात बसली. पुढ्यात बनुबाई, मांडीवर किरपी. खांबाला टेकून, भलतीकडं बघत, पण कान देऊन दादासो. तिनं दातांनी पाकीट फोडलं, कागद गुडघ्यावर पसरला आणि मनातल्या मनात वाचायला लागली. मग मान वर करून म्हणाली, "तब्येत बरी हाय. मांडी दुखत न्हाई. दादांच्या हाताला तेल चोळा म्हणत्यात. झालं."

बनुबाईनं कागद बोटानं चाचपला. "एवढंच? दोन्ही बाजूनी भरलाय की गं!"

विनोदिनीनं कागदाची घडी घातली आणि पोलक्यात सरकवली. "बाकीचं माझं हाय."